कोरीची पिल्लं जगवायची तर टाकी अशी लावा

कोरी या छोट्या मांजरमाशाकडून टाकीत अंडी मिळवणं फारसं अवघड नाही. मासे निरोगी असले, पोटभर खात असले आणि बाहेर वळीव कोसळला, की सकाळी टाकीच्या काचेवर अंडी चिकटलेली दिसतात. कस लागतो तो त्यानंतर. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम अर्धा सेंटिमीटरचं असतं. ते दिवसभर पोट तळाला टेकवून बसतं, आणि तळाशी जे काही साचलेलं असेल त्यातच त्याला जगायचं असतं. म्हणून वाळू कुठली, पाणी किती उंच, फिल्टर कसला, हे सगळं मी त्या पिल्लाच्या बाजूने ठरवतो. पिल्लाला मानवेल अशी टाकी लावली, की मोठे मासे तिच्यात सुखानेच राहतात.

मी कोल्हापुरात कसबा बावड्यात राहतो आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, साच्यांसाठी वाळू तयार करणाऱ्या सँड प्लांटवर काम करतो. मागच्या खोलीत खिडकीशेजारी टाक्यांची मांडणी आहे. गल्लीतली पोरं येऊन काचेला नाक लावतात, "काका, मिशीवाला कुठं गेला?" विचारतात. त्यातली दोघं-तिघं आता स्वतःच्या घरी टाकी लावायची म्हणतात. त्यांना तोंडी सांगतो तेच इथे नीट लिहून काढलंय.

कोरी म्हणजे कोरीडोरास, दक्षिण अमेरिकेतला छोटा मांजरमासा. लांबी दोन-अडीच इंच, तोंडाशी मिशा, आणि अंगावर खवल्यांच्या जागी हाडाच्या पट्ट्यांच्या दोन ओळी. दुकानात बहुतेकदा 'टाकी साफ करणारा मासा' म्हणून विकतात, आणि तिथूनच त्याचे हाल सुरू होतात. तो घाण खात नाही. तळाला पडलेलं अन्न शोधून खातो, आणि ते त्याच्यासाठी मुद्दाम टाकावं लागतं. दुसऱ्या माशांच्या उष्ट्यावर ठेवलेली कोरी अंडी घालायच्या अंगाची होतच नाही.

सुरुवात ब्राँझ किंवा अल्बिनोने करा. दुकानातली अल्बिनो बहुधा ब्राँझचीच पांढरी जात असते. दोन्ही काटक असतात आणि आपल्याकडच्या हवेला सरावतात. पेपर्ड कोरीही चांगली, पण तिला पाणी थोडं थंड लागतं, २२ ते २४ अंश. त्यामुळे तिचा हंगाम कोल्हापुरात दिवाळीनंतर. या पेपर्डचे नमुने डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केले होते, १८४२ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं, आणि १८७८ मध्ये पॅरिसमध्ये तिची पिल्लं टाकीत झाली. म्हणजे आपण करतोय ते काम दीडशे वर्षांचं जुनं आहे. स्टर्बाय दिसायला देखणी आणि उष्णता सोसणारी, पण महाग. पांडा नाजूक, ती नंतर घ्या. आणखी एक: २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी कोरीडोरास या मोठ्या गटाची (जीनसची) फोड करून जुने-नवे गट वेगळे केले. ब्राँझ आता ऑस्टिओगॅस्टरमध्ये गेली, पेपर्ड आणि स्टर्बाय होप्लिसोमामध्ये. माहिती शोधताना एकाच माशाची दोन नावं दिसली तर गोंधळू नका.

एका टाकीत एकच जात ठेवा, नाहीतर संकर होतो आणि पुढे पिल्लं कुणाला काय म्हणून द्यायची हे कळत नाही. सहा ते आठ लहान मासे एकदम घ्या आणि वाढवा. साधारण वर्षभरात ते वयात येतात. वरून पाहिलं की मादी पोटाशी रुंद दिसते, नर सडपातळ. एका मादीमागे दोन नर असले तर अंडी जास्त फळतात. घेताना मिशा बघा. दोन्ही बाजूंच्या मिशा लांब आणि टोकदार हव्यात. झिजून खुंट झालेल्या मिशांचा मासा दुकानदार फुकट देत असला तरी पैदाशीसाठी घेऊ नका.

टाकी दोन फुटी पुरते: २४ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच, काच ५ मिलिमीटर. ती काठोकाठ भरू नका. नऊ इंच पाणी घातलं की साधारण ४२ लिटर होतं आणि तेवढं बास. कोरी मधूनमधून सरळ वर येते, हवेचा घोट घेते आणि परत तळाला जाते. ती हवा तिच्या आतड्यात शोषली जाते. पाणी उथळ असलं की ही ये-जा सोपी होते. पण सगळेच मासे मिनिटामिनिटाला वर येऊ लागले तर पाणी बिघडलंय असं समजा आणि त्याच वेळी बदला. टाकीला झाकण हवंच. अंडी घालायच्या धामधुमीत हे मासे उडी मारतात.

आता वाळू. यावर मी जास्त बोलणार, कारण रोजचं कामच वाळूचं आहे आणि कोरीच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान वाळूमुळेच झालेलं मी पाहिलंय. कोरी तोंड वाळूत खुपसते, वाळू चघळते आणि कल्ल्यांतून बाहेर सोडते. दुकानातली रंगीत खडी तिच्या तोंडात मावत नाही, खड्यांच्या फटीत अन्न सडतं, आणि त्या सडक्या तळाने मिशा झिजतात. म्हणून बारीक वाळूच हवी. कोल्हापुरात आपलं नशीब असं, की फौंड्रीसाठी सिलिका सँड येतेच. कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागातली सिलिका वाळू आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे वाळूचा दाणा एएफएस नंबरने मोजतात. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. ५० ते ६० नंबरची वाळू कोरीला योग्य बसते. दाण्याचा आकारही बघायचा: गोलसर किंवा कडा मोडलेला दाणा चालतो, कोनदार चालत नाही. भिंग नसेल तर ओली वाळू मनगटाच्या आतल्या बाजूला चोळून बघा. ओरखडा उठला तर ती वाळू बांधकामाला द्या.

पण फौंड्रीतली कुठलीही वाळू उचलून आणू नका, हे मी हात जोडून सांगतो. फक्त ताजी, न वापरलेली, काही न मिसळलेली सिलिका वाळू घ्यायची. काळी ग्रीन सँड (साच्याची वाळू) म्हणजे त्यात बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी आलीच. कोअरच्या (साच्यातल्या गाभ्याच्या) वाळूला रेझिन, म्हणजे चिकटवायचं रसायन, लागलेलं असतं. एकदा मोल्डमध्ये (साच्यात) जाऊन आलेली वाळू कितीही धुतली तरी माशाच्या घरात घालायच्या लायकीची होत नाही. आणि कोरडी सिलिका वाळू चाळताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते. घरात पोरंबाळं असतात, तेव्हा पोत्यातून काढतानाच तिच्यावर पाणी मारा आणि नाक-तोंड बांधून काम करा. बादलीत घालून हात फिरवत, गढूळ पाणी ओतत, वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत धुवायची. मग चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात शिंपल्याचा चुरा आहे, ती पाण्यात क्षार वाढवून ते जड करणार. टाकीत थर एक सेंटिमीटरचाच. जाड थर दिला की खाली हवा पोचत नाही, वाळू काळी पडते आणि बोट घातलं की कुजका वास येतो.

फिल्टर स्पंजचा. मोटरवाला पॉवर फिल्टर पिल्लं ओढून घेतो, स्पंज घेत नाही. उलट पिल्लं स्पंजवर बसून त्यावरचे सूक्ष्म जीव टिपतात. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीला चेक व्हॉल्व्ह लावा. वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येतं आणि पंप भिजतो. बॅटरीवर चालणारा एक पंप घरात असू द्या.

मासे आणायच्या आधी ही टाकी चार ते सहा आठवडे नुसती चालवायची. रोज चिमूटभर खाणं टाका. ते कुजून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट. हे जिवाणू स्पंजमध्ये वस्ती करतात. अमोनिया आणि नायट्राइट टेस्ट किटवर शून्य दिसू लागले की टाकी तयार. ओळखीत कुणाची निरोगी जुनी टाकी असेल तर तिचा स्पंज या टाकीत पिळून घ्या, वेळ बराच वाचतो. आत जावा मॉस या पाणवनस्पतीचा एक गुच्छ, दगडाला बांधलेलं अनुबियासचं रोप आणि गडद रंगाच्या ॲक्रिलिक लोकरीचे धागे बुचाला बांधून केलेला एक झुबका एवढं पुरे. लोकर लक्ष्मीपुरीतल्या कुठल्याही दुकानात मिळेल. त्या झुबक्यात घातलेली अंडी अख्खी उचलून दुसरीकडे नेता येतात, हा त्याचा मोठा फायदा.

नळाचं पाणी क्लोरीनचं असतं. ते ड्रममध्ये भरून, एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे करणारा दगड) सोडून चोवीस तास ठेवलं की चालतं. घाई असेल तर क्लोरीन मारायचे थेंब मिळतात. बोअरचं पाणी शक्यतो नको. गिझरला नि किटलीला पांढरा थर बसवणारं पाणी अंड्यांना जड पडतं. सामू (पीएच) साडेसहा ते साडेसात, तापमान २४ ते २६ अंश हे ब्राँझला मानवतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कोल्हापुरात गारठा पडतो, तेव्हा लहान हीटर लावा. मे महिन्यात पाणी तीसच्या वर गेलं तर अंड्यांचा नाद सोडा आणि फक्त मासे जपा: पाण्यावर टेबल फॅनचा वारा सोडा, हवा वाढवा.

या माशांच्या मूळ मुलखात पावसाळा आला की नद्या फुगतात, पाणी थंड आणि हलकं होतं, खाणं मुबलक होतं, आणि मासे अंडी घालतात. आपण टाकीत तोच पाऊस पाडायचा. आधी दोन-तीन आठवडे भरपूर खाऊ घाला. फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव), आणि सगळ्यात उत्तम बागेतलं गांडूळ, धुऊन बारीक चिरलेलं. गांडूळखताच्या वाफ्यातलं लाल गांडूळ मात्र मासे थुंकून टाकतात, त्याच्या अंगाचा स्राव त्यांना सोसत नाही. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, मी वापरत नाही. ते गटाराच्या पाण्यात वाढतात आणि कितीही धुतले तरी रोग घेऊन येतात. माद्या वरून फुगीर दिसायला लागल्या की संध्याकाळी टाकीतलं निम्मं पाणी काढा आणि तीन-चार अंशांनी गार पाणी सावकाश भरा. उन्हाळ्याच्या टोकाला यासाठी माठातलं पाणी छान. दोन-तीन संध्याकाळी हेच करा आणि हवा थोडी जोरात सोडा. बाहेर आभाळ भरून आलेलं असेल, वळवाची हवा असेल, तर तोच दिवस धरा. वादळाआधी हवेचा दाब उतरतो तेव्हा मासे लवकर मनावर घेतात. मृगाचा पाऊस लागला की माझ्याकडे टाक्यांची रांगच्या रांग जागी होते.

पावसाचं पाणी धरायचं असेल तर पहिल्या चार-पाच सरी जाऊ द्या, कौलं-पत्रा धुऊन निघू दे. गंजलेल्या पत्र्याचं पाणी घेऊ नका. ते पाणी फारच हलकं असतं, त्यात सामू सावरायला काही नसतं, म्हणून निम्मं नळाचं मिसळा. ड्रम मात्र पावसाळ्यात कायम भरलेला ठेवा. पैदाशीचा हंगाम आणि पंचगंगेच्या पुराचा हंगाम एकच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराने शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, लोकांना प्यायला टँकर शोधावे लागले. तेव्हा माशांसाठी पाणी कोण देणार? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की मी दोन्ही ड्रम भरतो, पंपाच्या बॅटऱ्या चार्ज करतो आणि माशांचं खाणं निम्म्यावर आणतो. खाणं कमी म्हणजे घाण कमी, पाणी जास्त दिवस टिकतं. ४३ फूट ही धोक्याची पातळी, तोवर थांबू नका.

अंडी बहुधा सकाळी घातली जातात. आदल्या दिवसापासून नर मादीच्या मागे लागतात, मादी तोंडाने काच पुसत फिरते. मग नर आडवा होतो आणि मादी तोंड त्याच्या पोटाशी नेऊन चिकटते. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये ब्राँझ कोरीवर अभ्यास करून दाखवलं, की मादी नराचं वीर्य चक्क पिते आणि ते तिच्या आतड्यातून बाहेर पडून अंड्यांपाशी पोचतं. तेवढ्यात तिने पोटाखालच्या परांची ओंजळ करून त्यात काही अंडी धरलेली असतात. ती घेऊन जाते आणि काचेला चिकटवते. हे तासन्‌तास चालतं आणि शंभर-दोनशे अंडी सहज होतात. या वेळी दिवा लावू नका, झाकण उघडू नका, नुसतं लांबून बघा.

सोहळा संपला की मोठे मासे अंडी खाऊ लागतात. म्हणून अंडी काढायची. ताजं अंडं मऊ असतं, तासाभराने कडक होतं, मग ओल्या बोटाने हळूच गुंडाळत सोडवलं तरी फुटत नाही. मोहरीच्या दाण्याएवढी ती अंडी त्याच टाकीचं पाणी भरलेल्या पाच-सहा लिटरच्या डब्यात ठेवा. एकमेकांना चिकटू देऊ नका, जवळ एअर स्टोन मंद सोडा. बुरशी रोखणाऱ्या मेथिलिन ब्लूचे थेंब इतकेच, की पाणी फिकट निळं दिसेल आणि अंडी त्यातून स्पष्ट दिसतील. हे औषध फक्त या डब्यात. मुख्य टाकीत गेलं तर स्पंजमधल्या जिवाणूंना मारक ठरतं. औषध नको असेल तर देशी बदामाचं वाळलेलं पान टाका. कोल्हापुरात ही झाडं शाळा-मैदानांच्या कडेला भरपूर आहेत. रस्त्याच्या धुरातलं पान नको, आणि आणलेलं पान धुऊन घ्या. फळलेलं अंडं एक-दोन दिवसांत तपकिरी होतं. पांढरं राहिलेलं वाया गेलेलं, त्यावर बुरशी धरते आणि ती शेजारच्या अंड्यावर चढते. सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने पांढरी अंडी वेचून काढा. पंचवीस अंशाला तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात.

पिल्लं निघाली की निळं पाणी थोडं थोडं करून बदला. पहिले दोन दिवस त्यांच्या पोटाशी बलकाची पिशवी असते, काही खायला देऊ नका. तिसऱ्या दिवशी मायक्रोवर्म (अगदी बारीक पांढरे किडे) आणि नुकतीच फुटलेली आर्टेमिया. मायक्रोवर्म ओट्सच्या लगद्यावर चिमूटभर यीस्ट टाकून डब्यात वाढतात. डब्याच्या कडेला चढलेले बोटाने पुसून घ्यायचे. आर्टेमियाची अंडी फोडायला लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम खडे मीठ, आयोडीनचं नको. बाटली उलटी टांगून खालून जोरात हवा आणि शेजारी दिवा. सत्तावीस अंशाच्या आसपास दिवस-दीड दिवसात फुटते. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात आणि जिवंत नारिंगी आर्टेमिया खाली बसते. खालचीच घ्या, सुती फडक्यातून गाळून गोड्या पाण्याने धुवा. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात.

पहिले तीन आठवडे हेच सगळं ठरवतात. पिल्लं उपाशी राहून मरतात त्यापेक्षा जास्त, तळाशी कुजलेल्या उरलेल्या अन्नाने मरतात. दिवसातून तीनदा, पण अगदी थोडं द्या. पोटं नारिंगी दिसली म्हणजे पोचलं. रात्री दिवा मालवायच्या आधी हवेच्या बारीक नळीने तळ ओढून घ्या, खाली पांढरं भांडं ठेवा म्हणजे चुकून आलेलं पिल्लू दिसेल. जेवढं पाणी गेलं तेवढं, साधारण चौथा हिस्सा, त्याच तापमानाचं भरा. रिकाम्या काचेवर चिकट बुळबुळीत साय धरते, ती पिल्लांच्या पोटाला लागते. म्हणून मी पिल्लांच्या डब्यातही त्याच धुतलेल्या वाळूची चिमूट पसरतो. काहीजण काच रिकामीच ठेवतात, पण त्यांनी ती रोज पुसायला हवी. दोन-चार लहान गोगलगायी सोडल्या तर उरलेलं अन्न संपवतात.

आठवड्याने-दोन आठवड्यांनी मुख्य टाकीतला मुरलेला स्पंज पिल्लांकडे आणा. महिन्याभराने ती हुबेहूब छोटी कोरी दिसू लागतात, तेव्हा कुटलेल्या गोळ्या आणि चिरलेलं गांडूळ सुरू करा. गर्दी झाली तर वाढ खुंटते, दोन टाक्यांत वाटा. दोन-अडीच महिन्यांत पाऊण-एक इंच झाली की द्यायला हरकत नाही.

जास्त झालेली पिल्लं रंकाळ्यात किंवा पंचगंगेत कधीही सोडू नका. उजनी धरणात हौशी लोकांच्या टाक्यांतला सकर मासा पसरला आणि कोळ्यांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटू लागली. आपल्या हौसेचा भुर्दंड नदीवर पोट असलेल्यांनी का भरावा? द्यायचीच तर ओळखीतल्या टाकीवाल्यांना, दुकानदाराला, शाळेच्या प्रयोगशाळेला विचारून द्या.

देताना जाळी वापरू नका. पाठीच्या आणि बाजूच्या परांचे काटे ताठ होऊन जाळीत अडकतात, सोडवताना पर फाटतो, आणि बोटात काटा गेला तर बराच वेळ ठणकतो. कपात किंवा डब्यात हाकलून घ्या. आदल्या दिवशी खाणं बंद. पिशव्या एकात एक दोन, मध्ये वर्तमानपत्राचा कागद. पाणी तिसरा हिस्सा, बाकी हवा. घाबरलेली कोरी अंगातून विषारी स्राव सोडते आणि कोंडलेल्या पाण्यात स्वतःच गुदमरते, म्हणून एका पिशवीत थोडीच भरा, आणि भरून दहा मिनिटांनी पाणी एकदा बदलून मगच तोंड बांधा.